हळदीच्या पोत्यांखाली

राजमती : म्हणजे खणायचंच नाही म्हणतोस?

मानसिंग : न्हाई, आक्का. कुदळ लावायचीच न्हाई.

राजमती : मग एवढं गवत जाणार कुठं? तुझ्या फौजेत त्याला हुकूम सोडतात की काय, चल ऊठ म्हणून?

मानसिंग : जागच्या जागी मरतंय त्ये.

राजमती : अरे, हरळी आहे ती. आमचे मालक होते तेव्हा दोनदा खणून घेतली ही दारातली जागा. सहा गडी, कमरेएवढं खोल. मुळ्या वेचायला बायका वेगळ्या. विहिरीपाशी मुळ्यांचे ढीग घातले होते वाळायला. आणि पाऊस सरल्यावर बघतो तर पहिल्यापेक्षा दाट.

मानसिंग : दाटच व्हनार की. कुदळीनं एका मुळीचं धा तुकडं हुत्यात आन् धाबी तुकडं फुटत्यात. तुमी हरळी काढली न्हाईसा, आक्का. लावलीसा.

राजमती : आता काय म्हणावं. दोन वर्षं गडी लावून आम्हीच पेरून घेतली म्हण की. आणि किती जीव मेले असतील त्या खणण्यात. गांडुळं दोन तुकडे होऊन वळवळायची, माझ्यानं बघवायचं नाही. मी आत जाऊन बसायची. पण तू हे शिकलास कुठं? कुणी साहेबानं सांगितलं?

मानसिंग : सांगितलं न्हाई कुनी. बघितलं. इटलीत एका कुरनात आमचा तळ हुता. गुडघ्याएवढं गवात. दोन म्हयनं एकाच जागी तंबू. हलायचा हुकूम आला, तंबू उपटला, आन् खाली बघतुया तर हिरवं काय न्हाईच. काडी वढली तर हातात तुटून यायची. बाजूच्या रानात चर खनायला टिकाव लागत हुता, आन् तंबूखालच्या मातीत माजं बोट जात हुतं.

राजमती : का बरं? ऊन मिळालं नाही म्हणून? की वारा नाही म्हणून? आणि मेलेलं गवत कुणी खाल्लं? किडे होते का? किती होते?

मानसिंग : मोजलं न्हाईत, आक्का. तवा तिकडनं तोफा चालल्या हुत्या.

राजमती : असू दे. ये गं, बनुबाई, सावलीला ये. तुझा नवरा काय सांगतोय ऐकलंस का?

बनुबाई : आठ दीस झालं, घरात दुसरं काय ऐकतीया? मला तंबू ठावं न्हाई, आक्का. पर कडब्याची गंजी ठावं हाय. आमच्या दारातली गंजी सरली की खालची जागा बघा. गवताचं नाव न्हाई, आन् माती कशी, चाळलेल्या पिठावानी. मी दर साली तितंच कोथमीर टाकती. सासूबाई हुत्या तवर म्हनायच्या, आमच्या बनूचा हात लागतुया. हात कसला लागतुया, गंजी लागतीया.

राजमती : आणि हे तुला माहीत असून इतकी वर्षं बोलली नाहीस?

बनुबाई : मला कोन इचारलं? आता फौजेतनं आलेला मानूस सांगतुया म्हनल्यावर समद्यास्नी खरं वाटतंय.

मानसिंग : झालं तुजं? आक्का, गुऱ्हाळं आत्ताच सरल्याती. उसाचं पाचट पडून हाय, लोक नुस्तं जाळत्यात. आदी गवात हाय तसं तुडवून आडवं करायचं. त्येच्यावर शेनकाला. मंग गोनपाट, एकाला एक टेकून, फट ऱ्हाऊ द्यायची न्हाई. आन् वर हातभर पाचट. अधनंमधनं पानी मारायचं. मिरगापातुर तसंच ऱ्हाऊ द्यायचं. मंग गोनपाटाला भोक पाडायचं, मूठभर खत टाकायचं आन् येल लावायचं.

राजमती : गोणपाट आणायचं कुठनं? लढाई सरली तरी बाजारात फाटकं पोतं मिळत नाही.

मानसिंग : त्येच्यापायीच तुमच्याकडं आलू.

राजमती : मालकांची पोती?

मानसिंग : वरच्या खोलीत रिकामी पडून हायती म्हनं. हळदीची. नसंल द्यायची तर ऱ्हाऊ द्या, आक्का. दुसरं कायतरी बघू.

राजमती : तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. त्या खोलीचं दार उघडलं की हळदीचा वास येतो आणि मला वाटतं, आत्ता म्हणतील, राजमती, पाणी आण. म्हणून ती पोती मी ना विकली ना दिली. उंदरांनी खाल्ली अर्धी.

बनुबाई : ऱ्हाऊ द्या, आक्का.

राजमती : ने. सगळी ने. ह्या जागेत भाजी करायची त्यांच्याच मनात होतं. चातुर्मासात मी बाजारची भाजी खात नाही, घरची असेल तरच. तेव्हा चार महिने आमटीभात. ते म्हणायचे, तुझ्यासाठी दारातच पिकवतो. पण माझ्या दोन अटी आहेत हं. कांदा, लसूण, रताळं, बटाटा, जमिनीखालचं काही लावायचं नाही.

बनुबाई : लसूनबी न्हाई? एक वाफा कडंला?

राजमती : एक पाकळीसुद्धा नाही. दुसरी अट, आषाढातल्या चतुर्दशीला माझा चातुर्मास लागतो. तिथनं पुढं चार महिने माझ्या जागेत कुदळ चालायची नाही. त्याच्या आत जमलं तर जागा तू कस. भाजी निम्मी तुझी, निम्मी माझी. नाही जमलं तर गावच्या गुरांना मोकळी.

मानसिंग : कबूल. आन् माजी एकच ऑर्डर हाय. एकदा झाकलं की उचलून बघायचं न्हाई. उजेड आत गेला की हरळी जगली.

राजमती : कोपरासुद्धा नाही?

मानसिंग : कोपराबी न्हाई.

* * *

राजमती : दोन महिने झाले, बनुबाई. काय चाललं असेल गं खाली?

बनुबाई : आंब्याची आढी घातलीया असं समजा आन् गप बसा.

राजमती : आढीत हात घालून बघता तरी येतं. मानसिंग कुठाय? सकाळपासनं दिसला नाही.

बनुबाई : साताऱ्याला गेल्यात, फौजेच्या कागदापायी. सांजच्यापातुर येत्याल.

राजमती : मला एक विचारायचं होतं. खाली गांडुळं असतील, मुंग्या असतील. एवढी पोती, एवढं पाचट त्यांच्या अंगावर. त्यांचा जीव घुसमटत असेल का? उन्हाळ्याची तलखी ही. पाणी कोण देणार त्यांना? मी मंदिरातनं येते आणि पाटावर बसते, पण घास उतरत नाही. खणलं असतं तर एका दिवसात मेले असते. हे तीन महिने कोंडून मारल्यासारखं तर नाही ना होत?

बनुबाई : मला न्हाई ठावं, आक्का. गंजीखाली तर लय गांडुळं असत्यात. त्यास्नी अंधार आवडतुया वाटतं.

राजमती : वाटतं म्हणजे नक्की नाही.

बनुबाई : नक्की कसं सांगू? मी काय त्येंच्याशी बोलतीया?

राजमती : बरं, दुसरं सांग. मानसिंग घागर डाव्या हातानं का उचलतो?

बनुबाई : फौजेतली सवं हाय.

राजमती : फौजेत डाव्या हातानं पाणी भरतात?

बनुबाई : आक्का, तुमी लय इचारता बगा.

राजमती : राहिलं. नाही विचारत. पण तुझा चेहरा का उतरलाय?

बनुबाई : मुंबईवरनं मामासासऱ्यांचं कार्ड आलंय. गिरनीच्या गेटवर मानूस पायजे. आषाढापातुर या, मंग जागा ऱ्हानार न्हाई. आमचं थोरलं दीर, आप्पासो, रोज म्हनत्यात, जा मुंबईला. फौजेतनं साहेब हून आलायस, कुदळीला हात लावीत न्हाईस, हितं बसून काय करनार?

राजमती : आणि मानसिंग काय म्हणतो?

बनुबाई : म्हनत्यात, आक्काचं रान झालं तर ऱ्हातू. न्हाई तर जातू. आक्का, लगीन होऊन सा वर्सं झाली. अंगाची हळद निघाली न्हाई तवर ह्यांची भरती झाली. त्यास्नी वांग्याची भाजी आवडत न्हाई हे मला ह्या साली कळलं. आता कुठं मानूस वळखीचं व्हायला लागलंय. मला न्हाई धाडायचं मुंबईला.

राजमती : त्याला तसं सांगितलंस?

बनुबाई : कसं सांगू? मी आडवी पडली तर ऱ्हात्याल, पर आप्पासोंचं बोलनं ऐकत ऱ्हात्याल. त्यास्नी आपलं म्हनून काम पायजे. म्हनून म्हनती, आक्का, त्या पाचटाखाली काय चाललंय ते चालू द्या.

राजमती : हं.

बनुबाई : काय झालं?

राजमती : काही नाही. चल, उन्हं उतरली, माझी जेवायची वेळ झाली. सूर्य माझ्यासाठी थांबायचा नाही.

* * *

मानसिंग : ही खुरपी घ्या, आक्का. तुमचीच हाय. आन् ही भोपळ्याची, दोडक्याची रोपं दुसऱ्या कुनाला तरी द्या. द्रोनातच हायती, मरत्याल.

राजमती : ही ट्रंक कशाला आणलीस? कुठं निघालास?

मानसिंग : ताकारीला. दुपारची गाडी हाय, मुंबईची.

राजमती : आणि रान?

मानसिंग : रान गेलं. तिकडं बघा, विहिरीकडचा कोपरा. मिरगाचा पाऊस झाला आन् पाचटातनं हरळी वर आली. वीतभर. हिरवीगार. खालचं गोनपाट फाडून आलीया. मी परवा बघितलं. दोन दीस कुनाला बोललू न्हाई.

बनुबाई : मलाबी न्हाई, आक्का. आज सकाळी ट्रंक भरायला घेतली तवा सांगितलं.

राजमती : बाकीचं उचलून बघितलंस?

मानसिंग : काय बघायचं? एका कोपऱ्यात जगली म्हंजी समदीकडं जगली. आज न्हाई तर उद्या वर यील. तंबूखाली मेलं त्ये इटलीचं गवात हुतं. ही आपली हरळी हाय. मी उगा सांगत बसलू.

राजमती : उद्या चतुर्दशी. आज दिवस आहे अजून. सहा गडी बोलाव, खणून घे. माझी हरकत नाही.

मानसिंग : न्हाई.

राजमती : का नाही? तूच उतर की त्यांच्याबरोबर. तुझ्यासारखा उंच धिप्पाड गडी.

मानसिंग : मला कुदळ चालवायची न्हाई, आक्का.

राजमती : का?

बनुबाई : सांगा की आता. निघालाच हायसा, तर सांगून जावा.

मानसिंग : बनू, गप ऱ्हा.

बनुबाई : न्हाई ऱ्हानार. वरीस झालं, गप ऱ्हायली. आक्का, ही ट्रंक हितवर मी आनली, डोक्यावर. गावातनं आलू न्हाई, रानातल्या पांदीनं आलू, का तर बायकोच्या डोक्यावर ट्रंक आन् नवरा मोकळा, हे कुनी बघू नये. ह्यांच्या उजव्या खांद्यात तोफगोळ्याचा तुकडा गेला. हात छातीच्या वर जात न्हाई. डोक्याला पटका मी बांधती, दार लावून. गाव म्हनतंय, मानसिंग साहेब हून आलाय, मातीला हात लावीत न्हाई. आन् ह्यास्नी ते चालतंय. गर्विष्ठ म्हनल्यालं चालतंय, पर लुळा म्हनल्यालं चालत न्हाई.

मानसिंग : झालं?

बनुबाई : न्हाई झालं. गिरनीच्या गेटवर साहेब आला की सलाम ठोकावा लागतू. त्यो कंच्या हातानं ठोकनार हायसा? तेवडं सांगा आन् जावा.

राजमती : बनुबाई, पुरे. बस खाली. मानसिंग, तूही बस. ट्रंकेवरच बस. हात मला माहीत होता.

मानसिंग : कुनी सांगितलं?

राजमती : कुणी कशाला सांगायला हवं? तू घागर डाव्या हातानं उचलतोस. मला नमस्कार करतोस तेव्हा हात पोटापाशी जोडतोस. मी म्हटलं, फौजेतला माणूस एवढा वाकून नमस्कार का करतो? मग कळलं, हात वर येत नाही म्हणून मान खाली नेतोस. चैत्रातच कळलं होतं मला.

मानसिंग : मंग बोलला न्हाईसा कवा?

राजमती : तू झाकून ठेवलं होतंस. उचलून बघू नये एवढं मला कळतं. म्हणजे, तुझ्या बाबतीत कळलं.

मानसिंग : म्हंजी?

राजमती : मानसिंग, तू रागावशील. रागाव. मी त्याला पात्र आहे. तो विहिरीकडचा कोपरा मी उचलत होते.

मानसिंग : काय?

राजमती : रोज. वैशाखापासनं. मंदिरातनं आले की पहिल्यांदा तिथं. पाचट बाजूला करायची, पोत्याचा कोपरा दुमडायची. खालच्या जिवांना वारा लागावा म्हणून ऊन तापेपर्यंत उघडं ठेवायची. आणि गाळलेलं पाणी शिंपडायची तांब्याभर. मग पुन्हा होतं तसं झाकायची, तुला कळू नये म्हणून.

बनुबाई : अगं आई.

राजमती : मला वाटायचं, ते कोंडलेत. घास उतरायचा नाही. आणि खरं सांगू? नुसती दया नव्हती ती. मला बघायचंही होतं. आज किती आहेत, काल होता तो मोठा कुठं गेला, पांढरी मुळी काळी कधी होते. एवढ्या वयात मला सकाळी उठायला कारण मिळालं होतं.

मानसिंग : रोज ऊन आन् रोज पानी.

राजमती : होय.

मानसिंग : आन् मी म्हनतुया, विहिरीकडलीच का वर आली. वल असंल म्हनलं.

राजमती : परवा ती हिरवी पाती पाचटाच्या वर आलेली दिसली तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. तुला सांगायचं म्हणून दोनदा दारापर्यंत आले आणि परत फिरले. तू दोन दिवस गप्प, मीही दोन दिवस गप्प. तुझ्या मुंबईच्या गाडीत मीच तुला बसवत होते. मला लाज वाटते, बाबा.

बनुबाई : मंग बाकीचं रान?

राजमती : त्याला हात लावला नाही मी. मालकांची शपथ. फक्त तो एक कोपरा.

बनुबाई : ऐकलं का? उठा.

मानसिंग : कशाला?

बनुबाई : मधलं उचलून बघा.

मानसिंग : नगं, बनू.

बनुबाई : का नगं?

मानसिंग : तितं जर हिरवं निघालं तर मला जावंच लागंल.

बनुबाई : आन् न बघता गेलासा तर? मुंबईत गेटवर हुबं राहून रोज त्येच मनात यील, खाली काय हुतं, खाली काय हुतं. मला हितं बसून तेच. आक्कानं रोज बघितलं, आपन एकदा तरी बघू.

राजमती : मी मागं थांबते. तुम्ही दोघं बघा.

मानसिंग : मागं कशाला? या की पुढं. वैशाखापास्नं तुमीच बघत आलाय, तुमास्नी जास्त कळतंय. बनू, तू तिकडनं धर. मी ह्या हातानं वढतू.

(तिघं मधोमध वाकतात. पाचट सरकल्याचा आवाज, मग ओलं गोणपाट सोलल्यासारखं निघतं.)

बनुबाई : हळदीचा वास यितुया अजून.

राजमती : येतो ना? मला वाटलं मलाच येतोय.

मानसिंग : हिरवं दिसतंय का कुटं?

बनुबाई : डोळं उघडा की मंग. न्हाई. एक पातं न्हाई. ही बघा मुळी, वढली तर दोऱ्यावानी तुटली. आन् ही. आत काळी पडलीया.

राजमती : बोट घाल, मानसिंग. इटलीत घातलंस तसं.

मानसिंग : जातंय. पेरापातुर. समदं बोट जातंय, आक्का.

राजमती : आणि ही बघ गांडुळं. मी कोपऱ्यात चार-पाच मोजायची. इथं एका ओंजळीत किती आहेत. मला मोजतासुद्धा येईनात. म्हणजे मी उघडत होते तिथं कमी, आणि तू झाकून ठेवलंस तिथं जास्त?

मानसिंग : तसंच दिसतंय.

राजमती : मग मी कुणावर दया केली?

बनुबाई : हरळीवर.

राजमती : हसू नकोस गं. चातुर्मासात मला याचंही प्रायश्चित्त घ्यावं लागेल. आता झाक बघू लवकर. उजेडानं आत पळायला लागलेत बिचारे.

मानसिंग : तुमीच झाका. फट ठिवू नगासा.

राजमती : नाही ठेवत. आणि पुन्हा उचलणारही नाही. म्हणजे, आठवड्यातनं एकदा तरी चालेल का?

मानसिंग : विहिरीकडचा कोपरा तुमचा, आक्का. त्यो झाकूया नगं. तितं रोज बसा, रोज बघा, पानी घाला. बाकीच्या रानात मी सांगंन तवा.

राजमती : आणि हरळी?

मानसिंग : तिला तितनं हिकडं येऊ द्यायची न्हाई. मधी एक पट्टा पाचटाचा जाड ठिवतू. तेवडं एका हातानं हुतंय.

बनुबाई : मंग ही रोपं आज लावायची का कुनाला द्यायची?

मानसिंग : आजच लावू. उद्या चतुर्दशी. मूठभराची भोकं हायती, डाव्या हातानं पाडतू. तू खत घाल. भोपळं विहिरीच्या अंगाला, दोडकं कुडाला.

राजमती : आणि तुझी गाडी?

मानसिंग : मामास्नी कार्ड लिवतू. हात जायबंदी हाय, गेटवर उपेग न्हाई म्हनून. आप्पादादाला तोंडानं सांगतू.

बनुबाई : खरं सांगनार?

मानसिंग : सांगतू. ती खुरपी दे हिकडं.

राजमती : रोपं लावून झाली की दोघं घरी या. आज माझ्याकडं जेवून जा, पण उन्हं आहेत तोवर या.

बनुबाई : येतू, आक्का. मंग ही ट्रंक माघारी न्ह्यायची. मी घेती डोक्यावर. पांदीनंच जाऊ, तितं कुनी नसतंय.

मानसिंग : एका बाजूची कडी तू धर, दुसरी मी धरतू. गावातनं जाऊ.